पिंपात उतरणारा लिब्रादो

आमच्या गावात लिंबाशिवाय पोसोले खाणारा एकच माणूस होता. पोसोले म्हणजे मक्याचे फुगलेले दाणे आणि डुकराचं मटण घातलेला लाल रस्सा. त्यावर लिंबू पिळलं नाही तर तो पोटात जातो, पण जिवाला लागत नाही. लिब्रादो आरांबुला तो तसाच खायचा, वर्षानुवर्षं. लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्या बायका मुद्दाम त्याच्या पुढ्यात लिंबाच्या फोडींची बशी ठेवायच्या आणि पदराआड हसायच्या. तो बशी शेजाऱ्याकडे सरकवायचा. बरेचदा तो शेजारी मी असायचो, आणि सगळ्यात मोठ्यानं हसणाराही मीच.

लिब्रादो पिंपात उतरायचा, म्हणून हे पथ्य.

आमचा घायपातीच्या दारूचा कारखाना म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं एक अंगण, एक विटांची भट्टी, सहा लाकडी पिंपं आणि दारू गाळायच्या तांब्याच्या दोन देगा. मालक फिदेन्सिओ त्याला मोठ्या ऐटीत कारखाना म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणायचो. मी नासारिओ. भट्टी माझ्या ताब्यात होती. आता मी बाटल्या धुतो आणि त्यावर कागद चिकटवतो. ते का, हे पुढे येईलच. लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

निळी घायपात लावली की सात-आठ वर्षं नुसतं तिच्याकडे बघत बसायचं. मधेच ती फुलाचा दांडा वर काढायला बघते. तो दिसला की छाटायचा, नाहीतर सगळी साखर त्या दांड्यात चढते आणि खाली चोथा उरतो. पिकली की माणसं कोआ घेऊन रानात जातात. कोआ म्हणजे लांब दांडा आणि पुढे गोल, वस्तऱ्यासारखं पातं. त्यानं पानं सोलून काढली की आत पांढरा गड्डा निघतो, एकेक गड्डा बाळसेदार डुकराएवढा. ते गड्डे फोडून खेचरांवरून अंगणात आले की पुढचं काम माझं. भट्टीत रचायचे, दार बंद करायचं, दोन दिवस वाफ द्यायची. पहिलं पाणी गळतं ते कडू, ते सोडून द्यायचं. मग वाफ बंद करून एक अख्खा दिवस काहीही करायचं नाही. भट्टी आपली आपण निवू द्यायची. साऱ्या कामात मला हेच सगळ्यात जड जायचं. दोन दिवस राबून झाल्यावर हात बांधून बसायला सांगितलं तर माझ्यासारख्याचं डोकं नको तिकडे जातं.

दार उघडलं की गड्डे गुळासारखे तपकिरी आणि बोटानं दाबले जातील इतके मऊ झालेले असतात. ते गोल खड्ड्यात टाकून खेचरांकडून दगडी चाक फिरवायचं. मग रस आणि चोथा दोन्ही बादल्यांनी पिंपात. रस गरम वाटला तर झऱ्याचं पाणी घालायचं. किती गरम, हे आम्ही कोपर बुडवून बघतो, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं. ठीक वाटलं की आधीच्या पिंपातलं विरजण त्यात घालायचं. दह्याला लागतं तसंच यालाही विरजण लागतं, आणि आमच्या पिंपांचं विरजण मालकांच्या आजोबांच्या वेळेपासून या पिंपातून त्या पिंपात चालत आलेलं होतं.

इथून पुढे लिब्रादो. चोथ्याचे गठ्ठे होतात, आत विरजण पोचत नाही. ते फोडायला माणूस लागतो, अख्खा माणूस. लिब्रादो राखेनं अंग घासायचा, साध्या पाण्यानं धुवायचा, आखूड चड्डी घालून छातीपर्यंत रसात उतरायचा आणि हातापायांनी तास-दीड तास ढवळायचा. पहिल्या दिवशी रस गप्प असतो. दुसऱ्या दिवशी फसफसायला लागतो, आणि तेव्हा वर येणारी वाफ अशी असते की मान खाली गेली तर माणूस गेलाच. लिब्रादो हनुवटी वर धरून दाराकडे तोंड करून ढवळायचा आणि पिंपाशी बोलत राहायचा. "काय गं, आज फार बडबड चाललीय तुझी?" चौथ्या-पाचव्या दिवशी तो बाहेर येऊन सांगायचा, "झालं हिचं, घ्या देगेत." आणि मालक चव न घेता मान हलवायचे. एकोणीस वर्षांचा असताना तो बापाच्या जागी उतरला, आणि मी सांगतोय त्या साली तो बावन्नचा होता.

जुन्या लोकांचं म्हणणं पक्कं आहे. उतरणाऱ्याच्या अंगाला लिंबाचा, साबणाचा, अत्तराचा वास असला की रस रुसतो. खरं-खोटं देव जाणे. मी स्वतः सगळ्याच गोष्टींवर शंका घेणारा माणूस, पण आजही पिंपांच्या खोलीत लिंबू घेऊन जायची माझी छाती होणार नाही.

अशा माणसाचं मन कुणावर बसावं? तर केस कापणाऱ्या बाईवर.

ओतिलियाचा नवरा ट्रक चालवायचा. तो घाटात अपघातात गेला, मग ती माहेरी आली आणि देवळासमोर तिनं दुकान काढलं. एक खुर्ची, एक आरसा, एक पंखा, आणि फळीवर रंगीबेरंगी बाटल्यांची रांग. त्या दुकानाचा वास चौकापर्यंत यायचा. लिब्रादोची आई तोपर्यंत वारली होती. तिच्या दुखण्यात त्याची लग्नाची सगळी वर्षं गेली, आणि त्याबद्दल त्याच्या तोंडून कधी चकार शब्द निघाला नाही. तो रोज संध्याकाळी दुकानासमोर जायचा. आत नाही, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, वारा कुठून येतोय ते बघून.

"ओतिलियाबाई, आज उकाडा आहे!" हा पलीकडून ओरडायचा.

"मग आत या की. पंखा लावलाय."

"आत वास आहे."

"कुणाचा, माझा?"

"तुमच्या बाटल्यांचा हो!"

"तेहतीस वर्षांत एकदाही साबण न लावलेला माणूस मला वास सांगतोय!" ती कात्री थांबवून म्हणायची. खुर्चीतलं गिऱ्हाईक हसायचं, रस्ता हसायचा. अख्ख्या गावानं त्यांचं प्रेम ऐकलं, कारण रस्त्याच्या दोन बाजूंनी कुजबुजता येत नाही.

त्याचे केस वाढले की ती खुर्ची बाहेर फुटपाथवर काढायची, राखेनं हात धुवायची आणि नुसत्या पाण्यावर केस कापायची. कुठल्या गिऱ्हाइकासाठी कुणी एवढं करत नाही. मी त्याला म्हटलं, "कोम्पाद्रे, ही बाई तुला सोडत नाही आता." माझ्या थोरल्या मुलीचा तो धर्मपिता, म्हणून आम्ही एकमेकांना कोम्पाद्रे म्हणतो. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावाच्या बरोबरीचं. तो लाजून म्हणाला, "सोडू नये म्हणूनच तर दर पंधरवड्याला कापून घेतो." त्याला तेव्हा टक्कल पडायला लागलं होतं.

लग्न नोव्हेंबरात ठरलं. तिनं एकच अट घातली. "नवरा गेल्यावर या कात्रीनं मला जगवलं. दुकान बंद करणार नाही." तो म्हणाला, "नका करू. मी वाऱ्याच्या बाजूला झोपेन."

आता मे महिन्याचं सांगतो, आणि हे सांगताना मला अजूनही लाज वाटते.

माझ्याकडे एक कोंबडा होता, लाल, उंच, दिसायला राजा. त्या शनिवारी पलीकडच्या गावात झुंजी होत्या. भट्टी शुक्रवारी सकाळी बंद केलेली. नियमानं ती शनिवारी सकाळीच उघडायची, मग चाक, मग पिंपं, म्हणजे संध्याकाळ होणार आणि झुंजी हुकणार. मालक बाहेरगावी आणि खेचरवाले रानात होते, तेव्हा मी शुक्रवारी दुपारीच दार उघडलं. गड्डे हाताला चटके देत होते. संध्याकाळपर्यंत चाकाखालून काढले आणि शनिवारी सकाळी तीन पिंपं भरली. मे महिन्यातला उकाडा, त्यात कढत गड्ड्यांचा रस, रात्रभरात तो निवणार किती? मी कोपर बुडवलं. कोपर सांगत होतं, थांब. मी म्हटलं, वर गरम आहे, खाली गार असेल. झऱ्यावरून पाणी आणायचं तर तीस-चाळीस खेपा. मी विरजण ओतलं, कोंबडा काखेत मारला आणि निघालो. लिब्रादो यायच्या आधी मी वेशीबाहेर होतो.

कोंबडा पहिल्याच झुंजीत मेला. ते सोडा.

त्याच सकाळी लिब्रादोनं केस कापून घेतले होते. रविवारी चौकात बँड होता, तिथे ओतिलियाबरोबर पहिल्यांदा उघडपणे फिरायचं ठरलं होतं. ओतिलियानं केस कापले, मान झटकली, आणि रोजच्या सवयीनं फळीवरची लव्हेंडरची बाटली उचलून त्याच्या मानेवर दोन थेंब चोळले. चोळल्यावर तिच्या लक्षात आलं. दोघांनी मिळून ती मान राखेनं तीनदा घासली. वास राहिला तो राहिलाच. पिंपं भरून ठेवलेली होती. तो कामावर आला आणि उतरला.

रविवारी रस गप्प. ठीक आहे, म्हटलं. सोमवारीही गप्प. मंगळवारी पिंपांच्या खोलीतून आंबूस वास यायला लागला, लोणचं बिघडावं तसा. रस जगण्याआधीच मेला होता, तिन्ही पिंपांतला. मालकांनी तरी एक पिंप देगेत चढवून पाहिलं. देगेतून पहिलं येतं ते डोकं फिरवणारं, ते बाजूला काढतात. मधलं ठेवतात आणि शेवटचं बेचव परत टाकतात. दुसऱ्यांदा देगेतून काढलं की त्या मधल्याला धार येते. मालक ते पोकळ शिंगात उंचावरून ओततात आणि वर बुडबुड्यांचे मोती किती वेळ टिकतात ते बघतात. त्या दिवशी मोती आलेच नाहीत. मालकांनी घोट घेतला आणि अंगणात थुंकला. मालक थुंकताना मी पहिल्यांदाच पाहिले.

मग त्यांनी आम्हाला सगळ्यांना पिंपांपाशी उभं केलं. एकेकाजवळ जाऊन ते वास घेऊ लागले. लिब्रादोच्या मानेपाशी थांबले.

"हा कसला वास?"

"लव्हेंडर, मालक," लिब्रादो म्हणाला.

"कुठून?"

"केस कापले शनिवारी."

"आणि त्याच अंगानं पिंपात उतरलास?"

"उतरलो."

आदल्याच वर्षी मी भट्टी लवकर उघडून अर्धे गड्डे कच्चे काढले होते, तेव्हा मालक म्हणाले होते, पुन्हा घाई केलीस तर या दारातून बाहेर. घरी पाच मुलं. मी लिब्रादोकडे बघितलं, तो जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, त्याला खरंच वाटतंय की त्याच्याच मानेनं हे केलं. आणि मी गप्प बसलो. मनात म्हटलं, आज राहू दे, मालक जरा शांत झाले की सांगू.

मालक म्हणाले, "ऐक. ही पिंपं माझी आहेत तोवर त्या दुकानाच्या रस्त्यालाही तू जायचं नाहीस. ती बाई तुझ्या घरात आली तर तू पिंपात नाहीस. काय करायचं ते तू ठरव."

तेहतीस वर्षं पिंपात काढलेल्या माणसाला दुसरं काय येतं? त्यानं मान हलवली.

विरजण शेजारच्या गावातून मागून आणावं लागलं. मालकांनी ती बादली स्वतः आणली, आणि तो अपमान ते कधी विसरले नाहीत. मी मात्र त्या दिवसापासून नियम एवढे पाळले की विचारू नका. भट्टी दीड-दीड दिवस निवू द्यायचो. कोपर दोनदा बुडवायचो. झऱ्याच्या खेपा न सांगता घालायचो. रस असा उतरू लागला की चार गावांत नाव झालं. आणि दर खेपेला मोती टिकले की मालक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "बघितलंत? वास गेला आणि रस परत आला!"

यातली गंमत कळते का? मी जितकं चांगलं काम करत होतो, तितकं ओतिलियावरचं बालंट पक्कं होत होतं. प्रत्येक चांगलं पिंप तिच्याविरुद्ध साक्ष देत होतं, आणि ती साक्ष माझ्या हातची होती. हे मला कळत होतं. कळूनही मी अधिकच नेटानं काम करायचो, कारण चूक परत झाली तर खरं बाहेर येईल ही भीती. भित्र्या माणसाच्या हातून कधीकधी फार उत्तम काम होतं.

नोव्हेंबर आला आणि गेला. रविवारी चौकात बँड वाजायचा. आमच्या रिवाजाप्रमाणे बायका एका दिशेनं फेऱ्या घालायच्या, पुरुष उलट्या दिशेनं. लिब्रादो आणि ओतिलिया दर फेरीत एकदा समोरासमोर यायचे. तो हॅट उचलायचा, ती मान लववायची. बोलणं नाही. मालक बाकावर बसून बघायचे. एका संध्याकाळी त्यांच्या अशा किती भेटी होत असतील? बँडवाले दमेपर्यंत जेवढ्या, तेवढ्याच.

मी लिब्रादोला विचारायचो, "कोम्पाद्रे, कसं चाललंय?"

"चाललंय. तुझं?"

"माझं काय, बरं आहे."

"मग झालं तर," तो म्हणायचा आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघायचा. मी तंबाखू काढण्यासाठी खिसा चाचपायचो.

पुढच्या जुलैत, सान्तियागोच्या जत्रेच्या आदल्या दिवशी, बायको बाजारातून आली ती भाजी टाकून म्हणाली, "ऐकलंत? ओतिलिया चालली. ग्वादालाहाराला बहिणीकडे. जत्रा झाली की दुसऱ्या दिवशीची बस. आरसा विकलासुद्धा."

"कायमची?"

"आरसा विकून कुणी चार दिवसांसाठी जातं का?" बायको म्हणाली. "त्या मेल्या मालकाचं वाटोळं होवो. आणि तुमचा कोम्पाद्रे तरी कसला! बाईमाणूस दुसरं करील तरी काय?"

तिला काही माहीत नव्हतं. मी तिलाही सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी जेवण गेलं नाही. जत्रेत सगळं गाव घोडे आणि मुखवटे बघत होतं, मी माझे बूट बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या दुकानात गेलो. भिंतीवर आरशाच्या जागी पांढरा चौकोन उरला होता. खुर्ची होती. फळीवरच्या बाटल्या ती वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होती. बस दुपारची होती.

"नासारिओ," ती म्हणाली, "केस कापायला आला असशील तर बस. ही शेवटची कात्री."

मी बसलो. उभं राहून ते सांगायचं बळ मला नव्हतं. तिनं माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं. आरसा नव्हता, त्यामुळे तिचं तोंड दिसत नव्हतं, ते एक बरं होतं. मी सांगायला सुरुवात केली. कोंबडा सांगितला, भट्टी सांगितली, कोपर सांगितलं, विरजण सांगितलं. "तुझ्या लव्हेंडरनं काही झालं नाही, ओतिलिया. रस मी मारला. चौदा महिने मी तोंड शिवून बसलो."

कात्री चालूच होती. माझ्या कानामागचे केस तिनं हळूच सारखे केले.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"सगळं. त्या मंगळवारी संध्याकाळी मी घरी रडत बसले होते, माझ्या हातानं त्याचा घात झाला म्हणून. मला तसं रडताना बघवेना म्हणून त्यानं सांगितलं. तो पिंपात उतरला होता, नासारिओ. त्याच्या पायांना कळणार नाही रस कढत आहे ते? पाय टाकला आणि त्याला कळलं की विरजण भाजलं. शनिवारी दुपारभर तो एकटा झऱ्याचं पाणी वाहत होता. तिन्ही पिंपांत ओतत होता. नाही वाचलं."

मी खुर्चीतून अर्धवट उठलो. तिनं खांदा दाबून मला परत खाली बसवलं.

"मग तो बोलला का नाही? तू का नाही बोललीस?"

"मी म्हटलं त्याला, मालकांना सांग. तो म्हणाला, नासारिओला काढून टाकतील, पाच लेकरं आहेत. मी म्हटलं, मग आपलं काय? तो म्हणाला, शनिवारपर्यंत थांब. तो स्वतःच सांगेल. मी ओळखतो त्याला, त्याच्या पोटात राहायचं नाही."

कात्री थांबली.

"शनिवार आला," ओतिलिया म्हणाली. "रात्री परसदारी येऊन तो म्हणाला, पुढच्या शनिवारी. मग म्हणाला, मुलीचं लग्न आहे त्याच्याकडे, ते उरकलं की. मग म्हणाला, नाताळ होऊ दे. मी शेहेचाळीस वर्षांची बाई, नासारिओ. मी तुझ्यासाठी चौदा महिने थांबले. तो अजून थांबला असता. मीच थकले."

त्या खुर्चीत मी लहान मुलासारखा रडलो, कापडाला तोंड पुसून. कुणी मला शिव्या दिल्या असत्या तर मी उलट चार दिल्या असत्या. पण ज्याचं मी एवढं नुकसान केलं तो माणूस दर शनिवारी माझी वाट बघत होता, आणि मी दर शनिवारी तंबाखू शोधत होतो.

"बस कितीला आहे?" मी विचारलं.

"दोनला."

"माझ्याबरोबर चल."

"कुठे?"

"कारखान्यात. आत येऊ नकोस, दारात उभी राहा."

अर्धे केस कापलेले, गळ्यात कापड तसंच, मी चौकातून निघालो. मागून ओतिलिया. लोक बघत होते. मला त्याचं काही वाटलं नाही.

पिंपांच्या खोलीत लिब्रादो तिसऱ्या पिंपात छातीपर्यंत उतरलेला होता. रस दुसऱ्या दिवसाचा, फसफसणारा. मालक पायरीवर उभे राहून बघत होते. खेचरवाले, देगेवरचा माणूस, सगळे तिथेच होते. मी दम खाल्ला नाही, खाल्ला असता तर परत फिरलो असतो.

"मालक, गेल्या वर्षी मेमधली तीन पिंपं मी मारली. भट्टी मी एक दिवस आधी उघडली. रस कढत होता. मला कोंबड्याच्या झुंजीला जायचं होतं. लिब्रादोच्या मानेचा काही दोष नाही आणि या बाईचाही नाही. काढून टाकायचं तर मला काढा."

मालकांनी दाराकडे बघितलं. ओतिलिया हात बांधून बाहेर उभी होती. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या अर्धवट डोक्याकडे, गळ्यातल्या कापडाकडे. त्यांचा चेहरा लाल झाला आणि हळूहळू उतरला. शेजारच्या गावातून आणलेली बादली त्यांना आठवली असावी, आणि नंतरचे त्यांचे स्वतःचे शब्दही.

"उद्यापासून भट्टीकडे फिरकायचं नाही," ते शेवटी म्हणाले. "बाटल्या धुवायच्या." मग टोपी काढून दारापर्यंत गेले. "बाई, मी तुमच्याबद्दल वाईट बोललो. सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागतो."

"मागितलीत ना, झालं," ओतिलिया म्हणाली.

लिब्रादोनं एवढा वेळ ढवळणं थांबवलं नव्हतं. आता त्यानं पिंपाच्या काठावर दोन्ही हात टेकले. त्याच्या दाढीवर फेस होता. मला वाटलं, आता तो बोलेल ते मला जन्मभर ऐकावं लागेल, आणि बोलू दे, ते माझं देणंच आहे. मी त्याच्याकडे बघायची हिंमत केली.

तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो दारातल्या ओतिलियाकडे बघत होता, आणि पोराला शाळेत बक्षीस मिळाल्यावर बापाचं फुलावं तसं त्याचं तोंड फुललं होतं.

"बघ," तो तिला ओरडून म्हणाला, "म्हटलं नव्हतं मी? तो सांगेल म्हणून?"